नऊ नंबरच्या खोलीतला पहिला नंबर

नऊ नंबरच्या सिस्टरसारखी सिस्टर पाच जिल्ह्यांत दुसरी नाही. ही फुशारकी नव्हे. मनाच्या आजाराचं काम करणारी सिस्टर पाच जिल्ह्यांत खरोखरच दुसरी नाही. आणखी दोघी होत्या, त्या बदली घेऊन गेल्या. एक डॉक्टर होते, तेही गेले. ही राहिली. पहिली म्हणा, शेवटची म्हणा, जी काय आहे ती हीच.

घरात तिला ठकी म्हणतात. वय चाळीस, निम्मे केस पांढरे, पायात कापडी बूट, तरी ठकीच. हे नाव थोरल्या भावाने ठेवलेलं. थोरल्याचं टायरचं दुकान आहे. शिक्षण सातवीपर्यंत, पण बहिणीला नर्सिंगला घालणारा तोच, तिची ट्रंक डोक्यावर घेऊन हॉस्टेलपर्यंत चालत जाणारा तोच, आणि गेली वीस वर्षं येईल त्या गिऱ्हाइकाला हे ऐकवणाराही तोच.

"माझी बहीण," चाकाचे नट सोडवता सोडवता तो सुरू व्हायचा, "कितीही बिथरलेला माणूस असू दे, नुसतं 'बसा' म्हणाली की बसतो. डॉक्टर लोकांना जमत नाही ते."

"काहीही सांगू नको रे दादा," डबा घेऊन आलेली ठकी म्हणायची. "बसत कुणी नाही. खुर्च्याच तीन आहेत."

"बघा, वर नम्र किती! हिच्यासाठीच सातवीत शाळा सोडून दुकानात लागलो ना मी?"

"गणितात नापास झालास म्हणून लागलास."

"ते एक कारण झालं."

गिऱ्हाईक हसायचं, थोरला हसायचा, आणि ठकी डबा ठेवून दवाखान्याकडे चालू लागायची. हे सगळं त्या चार दिवसांच्या आधीचं.

नदीवर एक पूल आहे. पुलाच्या दोन्ही अंगांना दोन्ही समाजांची माणसं मिसळून राहायची. भिंतीला भिंत, दुकानाला दुकान. मग ते चार दिवस आले. कुणी सुरुवात केली यावर अजून वाद आहे, आणि ज्यांच्या घरातलं कुणी गेलं ते त्या वादात पडत नाहीत. चार दिवसांनी धूर विझला तेव्हा एक समाज पुलाच्या अलीकडे होता, एक पलीकडे, आणि मध्ये वाळूच्या गोण्या लावून चौकी बसली होती. दवाखाना अलीकडे राहिला. नऊ नंबरचे जुने डॉक्टर पलीकडच्या समाजाचे. ते एका पिशवीत कपडे भरून जे गेले ते गेलेच. टेबलावर त्यांचा चष्म्याचा डबा राहिला होता. ठकीने तो कपाटात ठेवला, अजून आहे.

मग सरकारने व्यवस्था केली. लांबून एक तरुण डॉक्टर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी यायचे. पाच जिल्ह्यांना ते एकटेच. सकाळी दहा ते दुपारी दोन. फार तर वीस माणसं बघून व्हायची, आणि त्या दिवशी व्हरांड्यात साठ-सत्तर माणसं असायची. कुणी तीन रात्री झोपलेलं नाही, कुणी भिंतीला डोकं आपटतंय, कुणाची बायको दाराला आतून पलंग लावून बसते आणि नवऱ्यालाही घरात घेत नाही. पलीकडच्यांनाही त्या एका दिवशी, दवाखान्याचं कार्ड दाखवलं तर, पूल ओलांडता यायचा.

सत्तरातले वीस कसे निवडायचे? डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, ते तुम्ही बघा." ठकीने ते बघितलं. औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून वीस चौकोन केले, त्यांच्यावर जाड पेनाने आकडे घातले आणि एक नियम लावला. आवाज करील तो आधी, गप्प बसेल तो नंतर. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण तिचं म्हणणं सरळ होतं. जो ओरडतोय तो तसाच घरी गेला तर आठवड्यात काहीतरी करून बसेल. जो गप्प आहे त्याचा आणखी एक महिना निघेल. "ज्यांना धीर धरवतो त्यांनी धरा," ती व्हरांड्यात उभी राहून सांगायची. "पुढच्या वेळी तुमचा नंबर."

नियम चालला. थोरल्याने दुकानात सांगितलं, "आमच्या ठकीने जी पद्धत काढली ती मोठ्या शहरात पण नाही." कौतुकाला थोरला कधी कमी पडला नाही.

सुरुवातीच्या एका मंगळवारी पलीकडून एक शिंपी आला. साठीचा, बारीक चणीचा, खिशाच्या कडेला दोन सुया टोचलेल्या, मांडीवर कापडाचं गाठोडं. नवीन कार्ड काढलं आणि त्याला चौदा नंबर मिळाला. तेवढ्यात एक बाई आली ती जमिनीवर पडून हातपाय आपटू लागली. शिंपी उठला, त्याने आपला पुठ्ठा तिच्या सासूच्या हातात ठेवला आणि परत जाऊन बसला.

"मामा, तुमचं काय?" ठकीने विचारलं.

"माझं होईल हो. त्यांना घ्या आधी."

पुढच्या महिन्यात त्याने आपला नंबर एका म्हाताऱ्याला दिला. तिसऱ्या महिन्यात तर तिने त्याला नंबरच दिला नाही, वीसही पुठ्ठे त्याच्याच हातात दिले. मामांनी रांग लावली की रांग लागायची. अलीकडचा असो, पलीकडचा असो, मामा हळू आवाजात आकडा पुकारायचे आणि माणूस उठायचा. व्हरांड्यात दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांकडे न बघता बसायची, त्यांच्यात बोलणारे ते एकटेच. चौकीवरचा शिपाई त्यांचं गाठोडं दर वेळी नव्याने तपासल्यासारखं तपासायचा आणि म्हणायचा, "काय शिंपीबुवा, निघाले का गिऱ्हाइकांकडे?" कारण सगळे धरूनच चालले होते, की मामांना काही झालेलं नाही. त्यांची जुनी गिऱ्हाइकं अलीकडे राहिली, शिवलेले कपडे पोचवायला पूल ओलांडायचा म्हणून त्यांनी कार्ड काढलं. ठकीनेही तेच धरलं होतं. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. माणसाने पोट भरावं, वर दवाखान्याला मदत करावी. अशी माणसं आहेत म्हणून तर चाललंय, असं ती घरी म्हणायची.

मामांच्या सातव्या मंगळवारी डॉक्टरांची गाडी गेली, व्हरांडा रिकामा झाला. मामा पुठ्ठे गोळा करून क्रमाने लावत होते.

"मामा, आमच्या दादाला एक शर्ट हवाय," ठकी म्हणाली. "पोटाकडे सैल. तो म्हणेल पोट नाही, छाती आहे. तुम्ही त्याचं ऐकू नका. शिवलेला एखादा असेल तर दाखवा, बघू तरी तुमचं काम."

मामांनी तिच्याकडे बघितलं. मग गाठोडं टेबलावर ठेवून गाठ सोडली.

आत सात शर्ट होते. कडक इस्त्री, टीप अशी की फूटपट्टी ठेवून मारल्यासारखी. ठकीने वरचा उलगडला. बाह्या ठीक, खिसा ठीक. वरती कॉलर होती, पण कॉलरच्या आतली जागा त्याच कापडाने बंद होती. बारीक टीप घालून, ओळीवर ओळ. तिने दुसरा उघडला. तोही तसाच. सातही तसेच.

"मामा, यात डोकं कुठून घालायचं?"

"घालायचं नाही," मामा म्हणाले. "कुणी घालायचाच नाही."

ठकी खुर्चीत बसली. मामा उभेच होते. सुयांवरून बोट फिरवत त्यांनी सांगितलं, गिऱ्हाइकाला माप सांगावं तसं. त्या चार दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी मुलगा सापडला. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं राहिलं नव्हतं. आदल्या दिवशीच मामांनी त्याला नवा शर्ट शिवून दिला होता. कॉलरच्या आतली दुहेरी टीप फक्त तेच घालतात. त्या टिपेवरून त्यांनी मुलगा ओळखला.

"आता पाय थांबले की तो दारात येऊन उभा राहतो, सिस्टर. शर्ट मागतो. म्हणून मी मशीन थांबवत नाही. आणि घालता येईल असा शर्ट मी शिवत नाही."

"बोलला का नाहीत? सात महिने इथे बसलात आणि बोलला नाहीत?"

"दाखवायलाच आणत होतो की," मामांनी गाठोड्याकडे बोट केलं. "पण तुम्हीच सांगितलं ना, ज्याला धीर धरवतो त्याने धरावा. मला धरवत होता."

तिने त्यांचं कार्ड मागून घेतलं. वर शिक्का, खाली तारखा. सात तारखा, आणि तपासणीच्या रकान्यात सात वेळा दोन शब्द: पुढील वेळी. अक्षर तिचंच होतं.

तिने तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. चौथ्या वेळेला लागला. डॉक्टर गाडीत होते, आवाज तुटत होता. तपासल्याशिवाय औषध लिहिता येणार नाही, म्हणाले, ते बरोबरच होतं. पुढच्या वेळी आधी घेऊ, म्हणाले. ठकीने एक नंबरचा पुठ्ठा मामांच्या खिशात, सुयांच्या मागे घातला.

"हा कुणाला दिलात तर मी नोकरी सोडीन," ती म्हणाली.

"नाही देत, बाई."

"शपथ घ्या."

"नाही देत."

घरी आल्यावर थोरल्याने आधी शर्टाचं विचारलं. ठकीने सगळं सांगितलं. थोरला बराच वेळ हातातला पाना पुसत बसला.

"पलीकडचा आहे," तो म्हणाला.

"हो."

"लोक बोलतील. आपल्या माणसाला सोडून त्याला पहिला घेतलास म्हणतील." मग त्याने पाना ठेवला. "घे त्याला पहिला. मी बघतो कोण बोलतंय ते. माझ्या बहिणीच्या कामात नाक खुपसायची कुणाची टाप आहे?"

तो महिना ठकीने कसा काढला ते तिलाच माहीत. पहिला मंगळवार उजाडला. मामा साडेनऊलाच आले. त्यांच्या मांडीवर आठ शर्ट होते. पुठ्ठा खिशात होता. तिने तो बघितला आणि तिला बरं वाटलं.

दहाला पाच मिनिटं कमी असताना फाटकाकडून आरडाओरडा ऐकू आला. अलीकडच्या वस्तीतला ट्रकवाला, धिप्पाड माणूस, हात ट्रकच्याच दोरीने बांधलेले, आणि दोरीचं टोक त्याच्या बायकोच्या मनगटाला. जाळपोळीत तो ट्रकसकट अडकला होता. आता कुणी वर्दीतला दिसला की तो थेट त्याच्या अंगावर चालून जायचा. तोंडातून फेस, आवाज बसलेला तरी ओरडणं चालू. व्हरांड्यातली सगळी माणसं उठून उभी राहिली. जुन्या नियमाने तोच पहिला होता. सगळ्यांना ते माहीत होतं.

"ताई, हात जोडते," ट्रकवाल्याची बायको म्हणाली. "तुमच्या दादांच्या दुकानातच यांचे टायर बदललेत हो कायम. ओळख ठेवा."

मामा उठले. त्यांचा हात खिशाकडे गेला.

ठकीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा," ती म्हणाली.

मामा बसले.

मागून कुणीतरी म्हणालं, "आपला माणूस बांधून उभा, आणि पलीकडच्याला खुर्ची!" दुसरा म्हणाला, "हिला तिकडून काही मिळत असेल." ठकीने ट्रकवाल्याच्या बायकोच्या हातात दोन नंबर ठेवला. "अर्धा तास, वहिनी. फक्त अर्धा तास. यांच्यानंतर लगेच." बायकोने पुठ्ठ्याकडे बघितलं, मग मामांकडे. नवऱ्याला घेऊन ती भिंतीला टेकली.

आत डॉक्टरांनी पेन उघडलं. झोप लागते? लागते. भूक? आहे. कामात लक्ष लागतं? लागतं की. कसे विचार येतात? चांगले. डॉक्टर लिहीत गेले, मामा मान हलवत गेले. चार मिनिटांत कागद भरला. तेव्हा ठकीने गाठोडं ओढलं, एक शर्ट काढला आणि डॉक्टरांच्या कागदावर पसरला.

डॉक्टरांनी तो उचलला. बंद गळ्यावरून अंगठा फिरवला. पेनाला टोपण लावलं. इतक्या महिन्यांत त्यांनी पेनाला टोपण लावलेलं ठकीने पहिल्यांदाच बघितलं.

"हे कुणासाठी, बाबा?" ते म्हणाले.

मामांचा चेहरा हलला. ओठ उघडले. आवाज आला तो त्यांचा नेहमीचा नव्हता. "त्या दिवशी सकाळी," ते म्हणाले, "मीच त्याला म्हटलं, नवा घाल. तो म्हणत होता, नको, मळेल. मी म्हटलं, घाल..." आणि त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. अंग गदगदा हलत होतं. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. वाटलं, आता.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दोनदा, मग लांब. ड्रायव्हर दारात आला. "साहेब, फाट्यावर पुन्हा पेटलंय. नाका बंद करतायत. आत्ता निघालो नाही तर इथेच अडकू."

डॉक्टर उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. पोरसवदा माणूस, त्याचाही चेहरा पांढरा पडला होता. घरी त्याचीही कुणीतरी वाट बघत असणार. त्याने घाईने तीन औषधं लिहिली. त्यातली दोन औषधखोलीत वर्षभर नव्हती. "पुढच्या महिन्यात यांनाच पहिलं घ्या," तो म्हणाला. बाहेर पडताना ट्रकवाल्याकडे बघून म्हणाला, "यांना झोपेचं एक इंजेक्शन द्या. संध्याकाळपर्यंत तरी..." आणि गाडी गेली.

साडेदहा वाजले होते. तीन नंबरपासून वीसपर्यंतची माणसं पुठ्ठे हातात घेऊन उभी होती.

ठकीने इंजेक्शन दिलं. ट्रकवाल्याला चौघांनी उचलून नेलं. मामांना तिने पाणी दिलं. त्यांनी ते हातात धरलं, प्यायले नाहीत. ओठ अजून अर्धवट उघडेच होते, वाक्य जिथे तुटलं तिथे. चौकी बंद व्हायच्या आत पलीकडची माणसं पुलाकडे पळाली, त्यांच्यातल्या कुणीतरी मामांचाही हात धरला. गाठोडं टेबलावरच राहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रकवाल्याने दोरी सोडवली आणि तो चौकीकडे चालत गेला. शिपायांनी हात वर करायला सांगितलं. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. त्याने हात वर केले नाहीत. चौकीवरच्यांना तो कोण, त्याला काय होतं, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगणार कोण?

त्या दुपारी थोरल्याच्या दुकानासमोर दोघं येऊन उभे राहिले. "तुझ्या बहिणीने पलीकडच्यासाठी आपला माणूस मारला," एक म्हणाला. थोरल्याने त्याला धरून टायरच्या ढिगावर आदळलं. दोघांना पुरून उरला, वयाच्या पन्नाशीत, हे सगळ्या रस्त्याने बघितलं. पण घरी आला तेव्हा ठकी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती.

"भांडू नको दादा," ती म्हणाली. "ते खोटं बोलत नाहीयेत."

"गप बस. तू बरोबर केलंस."

"अर्धा तास म्हटलं मी तिला. ती गप्प उभी राहिली."

थोरला तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसला.

महिन्याने पत्र आलं. रस्ता सुरक्षित नसल्याने डॉक्टरांच्या भेटी पुढील आदेशापर्यंत स्थगित. कार्डावर पूल ओलांडणंही बंद झालं. ठकी मामांचं गाठोडं घेऊन चौकीवर गेली, पलीकडे पोचवाल का म्हणून विचारायला. शिपायाने ओळखलं. म्हणाला, थांबा, तुमच्यासाठी काहीतरी ठेवलंय. वाळूच्या गोणीमागून त्याने एक पुठ्ठ्याचा चौकोन काढला. एक नंबरचा. मामांची सून देऊन गेली होती. तिने सांगितलं होतं, दवाखान्यातून आल्यावर दोन दिवस मामा मशीनवर बसले. दोरा न ओवता नुसतेच पाय चालवत होते. मग तेही थांबलं. आता भिंतीकडे तोंड करून असतात, भरवलं तर गिळतात, हाक मारली तर वळत नाहीत. थांबायच्या आधी एवढंच बोलले होते: हा सिस्टरना द्या, दुसऱ्या कुणाला तरी होईल.

ट्रकवाल्याच्या बायकोने दोन नंबर परत केला नाही. ठकीने मागितलाही नाही.

थोरला आता गिऱ्हाइकाला बहिणीबद्दल काही सांगत नाही. कुणी विचारलंच तर म्हणतो, आहे, कामावर जाते. आणि ती जातेच. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी साडेनऊला नऊ नंबरची खोली उघडते, खुर्च्या पुसते, टेबलाच्या पलीकडची रिकामी खुर्चीसुद्धा. डॉक्टर येणार नाहीत हे लोकांना माहीत आहे. तरी येतात. पूर्वीइतके नाहीत, तीस-पस्तीस. जायला दुसरी जागाच नाही. बाकावर बसतात, कुणी भिंतीकडे बघतं, कुणी तिच्याकडे.

ती पुठ्ठे वाटते. तीनपासून. एक आणि दोन कुठे गेले हे कुणी विचारत नाही. आता आवाज करणाऱ्याला आधी आणि गप्प बसणाऱ्याला नंतर असंही काही नाही, ज्याच्यापर्यंत हात पोचेल त्याला ती देते.

मग स्वतःच पुकारते, "तीन."

तीन नंबरचा माणूस उठून आत येतो, रिकाम्या खुर्चीसमोर बसतो. काय होतंय ते सांगतो. ती शेवटपर्यंत ऐकते. मग कार्ड ओढून तारीख घालते, आणि रकान्यात लिहिते: पुढील वेळी.